मिरगापासून गणपतीपर्यंत वापरलेले टॉवेल, पंचे, पायपुसणी आणि कपाटातल्या ओल ओढणाऱ्या डब्या

आमचं घर गुहागरला, चिऱ्याचं, कौलारू, समुद्रापासून जवळ. टॉवेलच्या जाहिरातीत 'किती पाणी शोषतो' हे मोठ्या अक्षरांत असतं. इथे पावसाळ्यात भिंतीही शोषतात आणि गाद्याही. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि जुलैत ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे घेतलेलं पाणी वस्तू सोडते कधी, यावर मी सगळं तपासलं.

आधी जाड टर्किश टॉवेल, 600 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 600 ग्रॅम. नवा असताना अंगावरून पाणी नुसतं सरकवतो, कारण कारखान्यात मऊपणासाठी दिलेला थर धाग्यावर बसलेला असतो. दोन-चार धुण्यांनंतर मात्र खरंच छान टिपतो. धाग्याच्या उभ्या फाशांमुळे पाण्याला शिरायला जागाच जागा. पण तेच पाणी बाहेर पडायचं नाव घेत नाही. पडवीतल्या दांडीवर दोन दिवस टांगला तरी काठाची शिवण ओलीच, आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने वास जातो, पण मग पुन्हा वाळवायचा कुठे? कपडे मऊ करणारं ते सुवासिक द्रव तर टॉवेलला लावूच नका, शोषणं कमी होतं.

सासूबाई पहिल्यापासून म्हणत होत्या, "सूनबाई, पंचा घे." सुती पंचा एका दमात कमी पाणी घेतो हे खरं, पण पिळला की पुन्हा तयार, आणि रात्री पंख्याखाली टाकला तर सकाळी कोरडा. नव्या पंच्याला खळ असते. रात्रभर भिजवून धुतल्याशिवाय त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. कोऱ्या मांजरपाटाचंही तसंच: कापसावरचा नैसर्गिक मेणचट थर सोड्यात उकळून काढेपर्यंत पाण्याचा थेंब वरच बसतो. घरच्या वापरासाठी माझं मत पंच्यालाच.

मायक्रोफायबरची गंमत वेगळी. पॉलिएस्टरचा धागा स्वतः हवेतली ओल जेमतेम 0.4 टक्के घेतो, कापूस 8 टक्क्यांच्या आसपास. तरी हे फडकं भराभर टिपतं, कारण पाणी धाग्यात न जाता चिरलेल्या बारीक तंतूंच्या फटींत अडकतं. म्हणूनच पिळल्यावर सुकतंही पटकन. आरसा, फ्रिज, स्कूटरची सीट यांना उत्तम. ओट्यावरचं मासे तळल्याचं तेल मात्र याने पुसू नका. पॉलिएस्टर तेलाला धरून ठेवतं, मग ते फडकं आयुष्यभर बांगड्याचंच. अंग पुसायलाही मला आवडलं नाही, ओल्या त्वचेला चिकटतं.

ओट्यासाठी सेल्युलोजचं स्पंज-कापड घ्या. पाणी भरपूर पितं, वाळलं की पापडासारखं कडक होतं, भिजवलं की परत मऊ. कडा लवकर फाटतात, एवढीच तक्रार. लादी पुसायला जुनी सुती साडी. नायलॉनची साडी पाणी फक्त इकडून तिकडे ढकलते.

पायपुसण्यांत तागाचं घेऊ नका. मऊ असतं, ओल खूप धरतं, आणि श्रावणापर्यंत खालून काळं पडतं. काथ्याचं फारसं शोषत नाही, पाणी खाली गळू देतं आणि लवकर कुजत नाही. दारात तेच हवं. न्हाणीघराबाहेर डायटोमाइटची (बारीक छिद्रांच्या खनिजाची) दगडी पाटी ठेवली होती; पावलाचा ओला ठसा बघता बघता नाहीसा होतो. साबणाने छिद्रं बुजली की हा खेळ थांबतो, मग बारीक पॉलिश पेपर मारावा लागतो. जुलैत तीही मंदावली.

कपाटातली ओल ओढून घेणाऱ्या डब्यांवर मात्र पैसे खर्च करावेत. कॅल्शियम क्लोराईडच्या डब्यांत वरचे खडे हवेतली ओल घेऊन विरघळतात आणि खालच्या कप्प्यात पाणी साठतं. रेशमी साड्यांच्या कपाटातली डबी आधी भरली यावरून काय ते समजा. बंद कपाटातच ठेवा, उघड्या खोलीत म्हणजे अख्ख्या अरबी समुद्राशी झुंज. ते पाणी सांडलं तर चामड्याला आणि धातूला वाईट, म्हणून डबी सपाट जागी, पट्ट्यांपासून लांब. एकदा भरली की टाकायचीच. कागदपत्रं आणि कॅमेऱ्याला सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, बरं, कारण ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर तापवून परत वापरता येतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराईड हे विषारी रसायन असतं, घरात मुलं असतील तर नारिंगी दाणे घ्या.

गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा न्हाणीपुढे रांग लागते आणि सगळ्यांना जाड टॉवेल हवा असतो. मी प्रत्येकाला दोन पंचे देते. डब्या मे महिन्यातच चिपळूणहून आणून ठेवते. पाऊस सुरू झाला की आमच्या बाजारात मिळत नाहीत.