मनगट मोडलंय: प्लास्टर, तारा की प्लेट?

आई बाथरूममध्ये घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन मतं जमा झालेली असतात. एक डॉक्टर म्हणतात हाड बसवून प्लास्टर करू. दुसरे एक्स-रेचा फोटो बघून सांगतात, प्लेट टाकावी लागेल, उद्या सकाळी दाखल करा. आत्याच्या ओळखीचे कुणी म्हणतात, नुसत्या तारांनी भागेल. पंचाईत अशी की तिघांचंही म्हणणं बरोबर असू शकतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्लास्टरातून सुटलेला हात असो की प्लेट पडलेला, शेवटी दोन्ही माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे एका उपायाची वकिली करायचं मला कारण नाही. एक्स-रे वाचून निर्णय सांगणं मात्र हाडाच्या डॉक्टरांचं काम. त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं, हे कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी, कोणत्या फ्रॅक्चरबद्दल बोलतोय ते पाहू. कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने येणारं हाड म्हणजे रेडियस. ते मनगटाच्या अगदी जवळ मोडतं आणि तुटलेलं टोक हाताच्या पाठीकडे सरकतं. बाजूने पाहिलं तर मनगट जेवणाच्या काटा-चमच्यातल्या पालथ्या काट्यासारखं वाकलेलं दिसतं. डब्लिनच्या अब्राहम कॉलेस या सर्जननी १८१४ साली याचं वर्णन लिहिलं, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला अजून ऐंशी वर्षं होती. त्यांचं निरीक्षण असं की काही काळाने हात पुन्हा मोकळा हलू लागतो, दुखणंही जातं, पण वाकडेपणा जन्मभर राहतो. दोनशे वर्षांनंतरही म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे बरंचसं खरं ठरतं. आजचा वाद त्यातूनच निघतो: हात चालणारच असेल, तर तो सरळ करण्यासाठी ऑपरेशन करायचं का?

तो वाद घालायला वेळ आहे, हे कुणी सांगत नाही. मनगटाचं ऑपरेशन पहिल्या दोन आठवड्यांत केलं तरी बहुतेक वेळा चालतं. "आज रात्रीच" अशी घाई लागते ती जखमेतून हाड बाहेर दिसत असेल, बोटं पांढरी किंवा निळी पडली असतील, किंवा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांतल्या मुंग्या, बधिरपणा वाढत चालला असेल तेव्हा. बाकी वेळी हाड तात्पुरतं बसवून, अर्ध्या प्लास्टरच्या आधारात ठेवून, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊन मग ठरवता येतं. खरी घाई बांगड्या आणि अंगठ्यांची. सूज चढायच्या आत त्या काढा. पाटल्या निघत नसतील तर कापा. सोनाराकडून जोडून मिळतात.

काही हातांच्या बाबतीत निवडीचा प्रश्नच येत नाही. हाड जागेवर असेल, नुसती चीर असेल, तर प्लास्टर, संपलं. अशा हातात प्लेट सुचवली गेली तर दुसरं मत जरूर घ्या. उलट टोक तळहाताच्या बाजूला सरकलेलं असेल तर ते प्लास्टरात सहसा टिकत नाही, तिथे प्लेटच लागते. तरुण माणसाच्या सांध्याच्या पृष्ठभागात दोन मिलिमीटरपेक्षा मोठी पायरी पडली असेल तरीही ऑपरेशनकडे कल हवा, कारण ती पायरी पुढे सांधा झिजवते. खरा पेच मधल्या हातांचा आहे: मागे सरकलेलं, थोडं चुरा झालेलं हाड आणि पन्नाशी-साठीच्या पुढचं वय.

प्लास्टर

मोडलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन देऊन किंवा थोडा वेळ झोपवून हाड ओढून बसवतात. सुजेला वाव राहावा म्हणून आधी अर्धं प्लास्टर, मग पूर्ण. कोपराच्या खाली, बोटं मोकळी, एकूण पाच-सहा आठवडे. टाका नाही, धातू नाही, खर्च सगळ्यांत कमी.

गोम अशी की बसवलेलं हाड प्लास्टरात परत सरकू शकतं. साठीपुढचं वय, हाडाच्या मागच्या बाजूचा चुरा, करंगळीकडच्या हाडाचं टोकही मोडलेलं असणं, ही सरकण्याची लक्षणं. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याला एक्स-रे काढायचाच. "आईला उगाच रिक्षातून कशाला हेलपाटा" म्हणून ही तारीख चुकवणारी घरं मी खूप पाहिली आहेत. सहाव्या आठवड्याला हाड सरकल्याचं कळतं, तोवर ते वाकडं जुळलेलं असतं आणि सोपा उपाय हातचा गेलेला असतो. प्लास्टर निवडलं म्हणजे या दोन एक्स-रेंची जबाबदारीही घेतली, असं समजा.

ब्रिटनमध्ये पाचशे रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. हाड बसवल्यावर निम्म्यांना नुसतं प्लास्टर, निम्म्यांना तारा. वर्षाअखेरीस दोन्ही गटांचे हात सारखेच चालत होते. पण प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठातल्या एकाचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि ऑपरेशन करावं लागलं. मी हे असं वाचते: आठपैकी सातजण ऑपरेशनशिवाय सुटले, आणि आठव्याचंही नुकसान झालं नाही, कारण एक्स-रे वेळेवर निघाला होता.

तारा

गुळगुळीत पोलादी तारा, दोन-तीन, कातडीतूनच हाडात घालतात. मोठी चीर नाही. टोकं बहुधा बाहेर ठेवतात आणि चार ते सहा आठवड्यांनी ओपीडीतच उपसतात. ऐकताना अंगावर काटा येतो, प्रत्यक्षात काही क्षणांचं काम असतं.

घरच्यांना हा पर्याय आवडत नाही. ऑपरेशनही झालं आणि प्लास्टरही सुटलं नाही, अशी तक्रार असते, आणि ती खरी आहे. तारेच्या तोंडाशी पू होऊ नये म्हणून ड्रेसिंग जपावं लागतं. हाड फार ठिसूळ असेल, चुरा जास्त असेल तर तारांची पकड कमी पडते. पण हाड बऱ्यापैकी बळकट आणि तुकडे थोडे असतील तर कमी खर्चात हाड जागेवर धरून ठेवणारा हा उपाय आहे. ब्रिटनमध्येच आधी तारा विरुद्ध प्लेट अशीही चाचणी झाली होती, २०१४ साली निष्कर्ष आले, ४६१ रुग्ण. वर्षाने फरक नाही. प्लेट महाग आहे म्हणून ती चांगलीच असणार, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

प्लेट

आत्ता जी प्लेट सगळीकडे टाकतात ती २००० सालाच्या सुमारास आली. तळहाताच्या बाजूने चीर देऊन हाडावर बसवतात आणि तिचे स्क्रू प्लेटमध्येच घट्ट फिरून अडकतात. त्यामुळे हाड ठिसूळ असलं तरी पकड टिकते. बऱ्याचदा नुसता हात बधिर करून ऑपरेशन होतं, पूर्ण भूल लागत नाही.

फायदा उघड आहे. काढता-घालता येणारा पट्टा, एक-दोन आठवड्यांत मनगट हलवायला सुरुवात, सहाव्या आठवड्याला प्लेटवाल्या बाई कणीक मळत असतात तेव्हा प्लास्टरवाल्या नुकतं प्लास्टर कापून वाळलेल्या हाताकडे बघत असतात. तिसऱ्या महिन्यापर्यंत हे अंतर दिसतं. पुढे ते मिटत जातं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये साठी उलटलेल्यांमध्ये प्लेट विरुद्ध प्लास्टर अशी तुलना झाली, २०२१ साली निष्कर्ष आले: वर्षाने हाताच्या कामात जाणवण्यासारखा फरक नव्हता. प्लेटच्या गटाचा एक्स-रे सुंदर येतो, पण हात वापरणाऱ्याला तो आपोआप जाणवत नाही.

धोक्यांचंही बोलू. जंतुसंसर्ग, व्रणाची जागा दुखणं, नस (मज्जातंतू) चिडणं. एखादा स्क्रू लांब राहिला तर पलीकडे बोटांच्या शिरा घासतात; शिरा म्हणजे इथे रक्तवाहिन्या नव्हेत, स्नायू हाडाला जोडणारे दोर. प्लेट फार पुढे बसली तर अंगठा वाकवणारी शीर झिजून क्वचित तुटतेही, तेही काही महिन्यांनी. म्हणून "प्लेट टाकली, आता कायमचं मोकळं" असं समजू नका. मनगटात बोटं हलवताना कच्चकच्च जाणवलं तर परत दाखवा. त्रास नसेल तर प्लेट काढायची गरज नसते.

तिन्ही पर्याय समोरासमोर ठेवले तर साधारण असं दिसतं:

| | प्लास्टर | तारा | प्लेट |
|---|---|---|---|
| ऑपरेशन | नाही | छोटं | चीर देऊन |
| मनगट हलवणं | पाच-सहा आठवड्यांनी | चार-सहा आठवड्यांनी | एक-दोन आठवड्यांत |
| मुख्य भीती | हाड सरकणं | तारेजवळ पू | शिरा, स्क्रू, जखम |
| खर्च | सगळ्यांत कमी | मधला | सगळ्यांत जास्त |
| साठीपुढे, वर्षाने | जवळपास सारखं | जवळपास सारखं | जवळपास सारखं |

आता या सगळ्यातली उलटी गंमत. ज्या वयात प्लास्टरमध्ये हाड जास्त सरकतं, त्याच वयात सरकलेलं हाड जास्त खपतं. पंचाहत्तरीच्या आजींचं मनगट थोडं वाकडं जुळलं तरी त्या वेणी घालतात, भाजी निवडतात, नातवाला भरवतात. तेवढंच वाकडेपण तिशीतल्या मेकॅनिकला रोज पाना फिरवताना नडेल. म्हणून "आईचं हाड ठिसूळ आहे, प्लास्टर टिकणार नाही, प्लेटच टाका" हे वाक्य अर्धंच आहे. उरलेलं अर्धं तुम्ही विचारा: नाही टिकलं तर तिच्या हाताचं नेमकं काय अडेल?

माझ्या मते पासष्टीच्या पुढे, घरात मदतीला माणूस असेल, तर आधी प्लास्टर आणि दोन एक्स-रे. पण वय हा एकच निकष धरू नये. एकटी राहणारी अडुसष्ट वर्षांची बाई, स्वतः रांधणारी, गुडघ्यामुळे काठी लागणारी. तिच्यासाठी ते पहिले तीन महिने फार मोठे आहेत, आणि तिने प्लेट मागितली तर मी नाही म्हणणार नाही. शिलाईकाम करणारी, पार्लर चालवणारी, दुचाकीवरून रोज ऑफिस गाठणारी चाळिशीतली माणसं, हाड सरकलेलं आणि चुरा असलेलं, तिथे प्लेटकडेच माझा कल. वाकडेपणा डोळ्यांना खुपेल का, हेही आईलाच विचारा. काहींना खुपतो, आणि ते क्षुल्लक नाही.

एक चोरटं वजनही तराजूत पडतं. दाखल होऊन केलेल्या ऑपरेशनचे पैसे मेडिक्लेममधून बहुधा मिळतात, ओपीडीतल्या प्लास्टरचे बहुधा मिळत नाहीत. "इन्शुरन्स आहे ना, मग घ्या करून" हे वाक्य हाडाबद्दल काहीच सांगत नाही.

हाडवैद्याकडे जायचं असेल तर एवढंच सांगते: सुजेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत कामट्या लावून करकचून बांधलेली पट्टी रक्त अडवू शकते, त्यातून बोटं कायमची आखडलेले हात आजही दिसतात. आणि जुळत्या हाडावर तेलाची मालिश नको.

माझ्या टेबलावरचे सर्वांत वाईट हात कोणत्याही एका पर्यायातून आलेले नसतात. ते आलेले असतात गळ्यातल्या झोळीत दीड महिना जपून ठेवलेले, बोटं लाकडासारखी, खांदाही धरलेला. पहिल्या दिवसापासून पूर्ण मूठ, पूर्ण उघडणं, तासातासाला. हात डोक्याच्या वर नेणं. झोपताना उशीवर उंच. प्लास्टर सुटल्यावर बहुतेकांना मनगट वाकवण्याची काळजी असते, पण नडतं ते तळहात आकाशाकडे वळवणं. ते गेलं तर तीर्थ घेता येत नाही, भाताचा घास नीट तोंडाशी जात नाही. हा व्यायाम मी सगळ्यांत आधी देते. हात भाजल्यासारखा दुखतोय, कातडी चकाकतेय, घाम येतोय, सूज उतरतच नाही असं झालं तर थांबू नका, ते वेगळं दुखणं असतं आणि लवकर धरलं तर आटोक्यात येतं. आणि साध्या चिरेच्या हातातही काही आठवड्यांनी अंगठा अचानक उचलता येईनासा झाला तर शीर तुटली आहे असं समजून दाखवा.

उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं असेल आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर हाडं ठिसूळ झाली आहेत का ते बघायलाच हवं. मनगट हे अनेकदा पहिलं मोडतं, खुबा दहा-पंधरा वर्षांनी. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची रक्ततपासणी, इतकं तरी डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्लास्टर आणि प्लेटच्या गडबडीत ते राहूनच जातं. त्या स्कॅनमधला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत तुमची घनता किती याचा आकडा, उणे अडीच किंवा त्याखाली आला तर औषधाचं बोलणं होईल. हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदाची ॲलेंड्रोनेटची गोळी सुरू झाली तर ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, आणि चहा त्यानंतर.