चाबी झकास, तक्ता मात्र अर्धवट

घेतलं ते असं: मोर्स (छोट्या-लांब आवाजांची लिपी) ठोकायची पितळी स्ट्रेट की, सरावाचा बझर आणि हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारीच्या, संकेतांचा लॅमिनेट केलेला तक्ता. तिन्ही मिळून १,८५० रुपये, कुरिअर वेगळं. आमच्या गावात कुरिअरवाला येत नाही, वरूडला जाऊन पार्सल उचलावं लागलं.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. संत्र्याच्या पट्ट्यात बोअरच्या मोटारी जळतात म्हणून माझी चूल पेटते. हॅम परवान्याच्या जनरल ग्रेडच्या परीक्षेला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स लागायचा. तेवढा घोकला, व्हीयू २ चा कॉलसाइन (हवेतलं आपलं नाव) मिळाला आणि पुढं सहा वर्षं माइकवर गप्पा मारण्यात गेली. यंदा पाच वॅटचा छोटा सेट जमवला. त्याला माइकच नाही, फक्त मोर्स. मग ही खरेदी.

आधी चाबी. (तिला 'की' म्हटलं की वाक्यात घोळ होतो, म्हणून चाबी.) स्प्रिंग चांगली आहे, बेअरिंगमध्ये खडखड नाही, स्क्रू हातानं फिरतात आणि फिरवले तिथंच राहतात. कॉन्टॅक्टमधलं अंतर मी लेदरॉइड पेपरचा (वाइंडिंगच्या इन्सुलेशनचा कागद) तुकडा घालून बसवलं. आठ शब्दांच्या वेगाला एक डिट, म्हणजे छोटा आवाज, सेकंदाचा साधारण सातवा भाग, डा म्हणजे लांब आवाज, त्याच्या तिप्पट. एवढ्यात हात दमत नाही. तक्रार एकच, बूड हलकं. जोरात लिहायला लागलं की चाबी टेबलावरून चालू लागते. तीन एचपीच्या एका जळक्या मोटारीचं बिडाचं झाकण पडलं होतं, त्यावर भोकं पाडून बसवली. आता हलत नाही.

बझरचं फार काही सांगण्यासारखं नाही. नऊ व्होल्टची बॅटरी, आवाज खणखणीत, पण कमी-जास्त करायची सोय नाही. हेडफोनचा जॅक सैल होता, डाग देऊन घेतला. तोवर रात्री बायकोनं दोनदा विचारलं, घरात रातकिडा शिरला का म्हणून.

आता तक्ता. इथं माझं खरं भांडण आहे.

दिसायला देखणा आहे, अक्षर मोठं, भिंतीवर शोभतो. पण छापणाऱ्यानं क्यू संकेत, म्हणजे क्यूनं सुरू होणारे तीन अक्षरी संकेत, डिक्शनरीसारखे छापलेत. 'क्यूटीएच: ठिकाण', 'क्यूआरएस: हळू', 'क्यूआरझेड: कोण'. अहो, हे संकेत शब्द नाहीत, सवाल-जवाब आहेत! क्यूटीएचपुढं प्रश्नचिन्ह वाजवलं, डि डि डा डा डि डिट, तर 'तुमचं ठिकाण कोणतं?' आणि नुसतं क्यूटीएच म्हणून पुढं वरूड लिहिलं तर 'माझं ठिकाण वरूड'. क्यूआरएसला प्रश्नचिन्ह लावलं तर 'मी हळू पाठवू का?', न लावलं तर 'तुम्हीच हळू पाठवा'. १९१२ च्या लंडन परिषदेत हे संकेत सगळ्या देशांच्या जहाजांसाठी आणि किनाऱ्यांसाठी मान्य झाले, ते एकाला दुसऱ्याची भाषा येत नसली तरी विचारता आणि सांगता यावं म्हणून. आणि या अख्ख्या तक्त्यात प्रश्नचिन्ह एकही नाही. नवखा माणूस समोरच्याला 'मी हळू पाठवू का' विचारायला जाईल आणि 'हळू पाठव' असा हुकूम सोडून बसेल.

दुसरी चूक मला महागात पडली. तक्त्यावर छापलंय, '७३: शुभेच्छा, ८८: विशेष शुभेच्छा'. चाळीस मीटरच्या बँडवर केरळातले एक वयस्कर ओएम भेटले. ओएम म्हणजे ओल्ड मॅन, पण इथं विशीतल्या पोट्ट्यालाही ओएमच म्हणतात. हे खरोखरचे ओल्ड होते. माझ्यासाठी त्यांनी वेग निम्म्यावर आणला. एवढा भला माणूस, म्हणून निरोप घेताना साधं ७३ कशाला, मी मनापासून ८८ ठोकलं. ८८ म्हणजे 'प्रेम आणि पापे'. तिकडून उत्तर आलं, एच आय, एच आय. बिनतारी जगात ते हसणं असतं. मला मात्र आपलं मराठी 'हाय हाय'च ऐकू आलं.

क्यूआरएम आणि क्यूआरएन या दोन्हींना तक्त्यात 'व्यत्यय' एवढाच अर्थ दिलाय. क्यूआरएन म्हणजे आभाळातली खरखर. मे महिन्यात सातपुड्याकडं वीज चमकली की इकडं ऐकू येते ती. क्यूआरएम दुसऱ्या स्टेशनांमुळं, म्हणजे माणसानं केलेला. आमच्याकडचा वेगळाच: रानडुकरांसाठी शेजारच्या वावरात कुंपणाची झटका मशीन आहे, ती सेकंदा-सेकंदाला टक करते. मोर्समध्ये एकटा डिट म्हणजे 'ई', त्यामुळं ती मशीन रात्रभर ई, ई, ई पाठवत असते. सेट मी फवारणी पंपाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवतो, लाइनची घरघर त्यात येत नाही, पण या टकटकीला इलाज सापडला नाही. समोरच्याला 'क्यूआरएम' सांगितलं तर तो बिचारा कुठलं स्टेशन नडतंय ते शोधत बसतो. डुक्कर आणि कुंपण मोर्समध्ये समजावून सांगायला मला चार मिनिटं लागली.

विक्रेत्याला फोन केला. ऐकून घेतलं, वाद घातला नाही, पुढच्या छपाईत बघतो म्हणाला. म्हणून नाव लिहीत नाही.

मार्क विचाराल तर ५९९, म्हणजे सिग्नल अगदी उत्तम, असं मी देणार नाही. हवेत कोणीही कोणालाही ५९९ देतो, तेही नवाच्या जागी एन वाजवून घाईघाईत. पाहुण्यानं 'भाजी छान झाली' म्हणावं तसं. चाबीला पाचपैकी साडेचार, अर्धा बुडाचा कापला. बझरला तीन. तक्त्याला एक, तो लॅमिनेशनचा. तक्ता वगळून दीडशे-दोनशे कमी करत असेल तर डोळे झाकून घ्या.

माझा तक्ता दुकानात टेस्टिंग बोर्डाच्या वर लावलाय. मार्करनं प्रश्नचिन्हं टाकलीत, ८८ वर काट मारलीय. गिऱ्हाइकं त्याला वाइंडिंगचा रेटबोर्ड समजून वाचतात. हाताखालचा पोट्टा मात्र तो पाठ करून बसलाय. काल दुपारी वावरातली लाइन गेली तसा बाहेरून ओरडला, "भाऊ, थ्री फेज क्यूआरटी!" मोटार घेऊन आलेल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. म्हटलं, बंद झाली म्हणतो, बसा.