स्निपेट ठेवायचे कुठे? हिस्टरी, गिस्ट, एडिटर की साधी टेक्स्ट फाइल

स्निपेट म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जपून ठेवलेली कमांड किंवा कोडचा तुकडा. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या ऑफिसात बसून कोड लिहिणारा आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणारा, दोघांनाही त्याच त्या कमांड पुन्हा पुन्हा लागतात. पण पहिल्याला सोयीची जागा दुसऱ्याला चालेलच असं नाही. कारखान्यात मोबाइल अनेकदा गेटवरच जमा होतो, आतल्या मशीनला बाहेरचं इंटरनेट नसतं आणि प्रॉडक्शनचा माणूस डोक्यावर उभा राहून "झालं का सर?" विचारत असतो. त्यामुळे अॅप कोणतं घ्यावं हे ठरवण्याआधी, कमांड लागेल तेव्हा तुम्ही कुठल्या मशीनसमोर असाल ते बघा.

बहुतेकांचा संग्रह म्हणजे शेलची, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची, हिस्टरी. कंट्रोल-आर दाबा, दोन-चार अक्षरं टाका, जुनी कमांड हजर. फुकट आहे, शिकायचं काही नाही. पण बॅश हे लिनक्सवरचं नेहमीचं शेल मुळात 500 कमांडच लक्षात ठेवतं, उबुंटूत 1000. आकडा वाढवता येतो, तरी हिस्टरी त्या मशीनपुरती आणि त्या युजरपुरतीच राहते. शिवाय फसलेली कमांडही ती तितक्याच इमानाने जपते. चारपैकी चाललेली कोणती, हे सांगत नाही.

गिस्ट, म्हणजे गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर तुकडे ठेवून लिंकने पाठवायची सोय, 2008 पासून आहे आणि कुणाला काही पाठवायचं असेल तर त्याच्याइतकं सोपं काही नाही. प्रत्येक गिस्ट ही मुळात गिट रिपॉझिटरीच (फाइलींचे सगळे बदल जपणारा साठा) असल्याने जुन्या आवृत्त्याही मिळतात. मात्र 'सिक्रेट' या शब्दावर विसंबू नका: लिंक हाती लागली की कोणीही ते गिस्ट उघडू शकतं. क्लायंटचे आयपी, डेटाबेसची नावं तिथे नकोत. आणि इंटरनेट नसलेल्या सर्व्हर रूममध्ये गिस्टचा उपयोग शून्य.

व्हीएस कोड या एडिटरचे स्निपेट हे निव्वळ प्रोग्रामरचं काम. जेसन फाइलमध्ये छोटं नाव आणि मजकूर लिहून ठेवायचा. ते नाव टाइप करून निवडलं की अख्खा साचा उमटतो आणि टॅब दाबत रिकाम्या जागा भरायच्या. रोज तेच फंक्शन लिहिणाऱ्याने हे वापरावंच. क्लायंटच्या सर्व्हरवर एसएसएचने (दुरून टर्मिनल जोडून) शिरून व्हीआय हा तिथलाच साधा एडिटर उघडणाऱ्याला त्याचं काय?

वर्डमध्ये मात्र कमांड साठवू नका. दोन हायफनचा तो लांब डॅश करतो, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो आणि पेस्ट केल्यावर शेल बोंब मारतं. ऑब्सिडियन हे नोंदींचं अॅप चालेल, कारण आत साध्या मार्कडाउन, म्हणजे टेक्स्ट, फाइलीच असतात.

माझा कौल साध्या टेक्स्ट फाइलींना. विषयागणिक एक फाइल, सगळ्या एका गिट रिपॉझिटरीत, शोधायला ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांड. गिटहबवर प्रायव्हेट रिपॉझिटरी फुकट मिळते. लॅपटॉपवर पूर्ण प्रत असल्याने इंटरनेट नसलं तरी अडत नाही. यूएसबी पोर्टही बंद असतील तिथे नेहमीच्या कमांडची दोन छापील पानं बॅगेत ठेवा. हसू नका, ती कामाला येतात.

टेक्स्ट फाइलींना कौल देण्याचं खरं कारण वेगळंच आहे. टेक्स्ट फाइलमध्ये कमांडच्या वर चार ओळी लिहायला जागा असते, आणि त्या ओळींशिवाय काही स्निपेट घातक ठरतात. 30 दिवसांहून जुन्या लॉग फाइली पुसणारी फाइंडची (फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामची) कमांड घ्या. त्यात डिलीट शेवटी हवं. फाइंड डावीकडून उजवीकडे तपासत जातं, त्यामुळे डिलीट वयाच्या अटीआधी पडलं तर अट तपासण्याआधीच फाइल गेलेली असते. अटीत 'अधिक 30' लिहिलं की पूर्ण 31 दिवस झालेल्या फाइली धरल्या जातात, कारण अपुरा दिवस मोजलाच जात नाही. फाइलींची प्रत दुसरीकडे नेणाऱ्या आरसिंकचंही तसंच. मूळ फोल्डरच्या नावाअखेर स्लॅश असेल तर आतल्या फाइली जातात, नसेल तर फोल्डरच जातं. सोबत डिलीट (मूळ जागी नसलेलं पुसण्याचा पर्याय) असेल आणि स्लॅश देऊन चुकून बॅकअपच्या वरच्या फोल्डरचा पत्ता दिला, तर तिथलं बाकीचं सगळं साफ. म्हणून नोंदीत आधी ड्राय-रनची (काही न बदलता काय होईल ते दाखवणारी) कमांड, तिच्याखाली खरी कमांड, आणि स्लॅश का आहे ते एका ओळीत. हिस्टरीत हे लिहिणार कुठे?

शेकडो नोंदी झाल्या की पेट किंवा नावी ही स्निपेट सांभाळणारी टूल्स बघा. दोन्ही टर्मिनलमध्येच चालतात आणि कमांडमधल्या बदलत्या जागा विचारून भरतात. सुरुवातीला घेऊ नका. नुसतं सजवण्यात वेळ जातो. टीएलडीआर मात्र आजच टाका: नेहमीच्या कमांडची तयार उदाहरणं एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही दिसतात.

पासवर्ड यातल्या एकाही जागी नको. नोंदीत त्या ठिकाणी ठळक रिकामी जागा सोडा आणि पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. कमांडच्याच ओळीत तो द्यावा लागला, तर ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस द्या. उबुंटूच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये अशी ओळ हिस्टरीत जात नाही. दुसऱ्या सर्व्हरवर हिस्ट-कंट्रोल या बॅशच्या सेटिंगमध्ये इग्नोर-स्पेस आहे का, ते आधी तपासून घ्या.