हतनूरच्या पाण्यावर निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२

जळगाव जिल्ह्यातल्या तापीवरच्या हतनूर धरणावर पक्षी पाहायला जायचं म्हटलं की दुर्बिणीच्या दुकानात लोक थेट १२ किंवा १६ पटीची मागतात. बदकं लांब बसतात, हे खरंच. पण दुर्बीण हातातच धरायची असते आणि तापीच्या मोकळ्या काठावर वारा असतो. पट वाढली की हाताची थरथरही तितकीच वाढून दिसते. मोठी लालसरी या बदकाच्या नराचं केशरी-तांबूस डोकं नजरेत बसायच्या आत तो वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांच्या घोळक्यात मिसळतो. ८ पटीचं चित्र लहान असलं तरी स्थिर राहतं, आणि ओळख पटते ती स्थिर चित्रावर. म्हणून खानदेशातल्या धरण-तलावांसाठी आम्ही ही ८×४२ दुर्बीण, म्हणजे ८ पट आणि ४२ मिलिमीटर व्यासाची पुढची काच, सुचवतो.

याच मालिकेत १०×४२ सुद्धा मिळते, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहायला हव्यात. दृष्टिक्षेत्र ७.२ आणि ७ अंश, वजन ५६५ आणि ५७५ ग्रॅम. इथे निवडण्यासारखं काही नाही. फरक पडतो तो उजेडात आणि चष्म्यात. ४२ ला ८ ने भागा: डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा गोल सव्वापाच मिलिमीटरचा. १० पटीत तो ४.२ वर येतो. डिसेंबरात सातच्या सुमारास, सूर्य नुकता वर येत असताना, धूसर पाण्यावर हा फरक लगेच जाणवतो. चष्मेवाल्यांसाठी दुसरी बाब त्याहून महत्त्वाची. ८×४२ मध्ये डोळा काचेपासून २०.२ मिलिमीटर लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं, १०×४२ मध्ये ते अंतर १५.७ आहे. जाड चष्मा असेल तर तिथे कडा कापल्या जातात.

नवी दुर्बीण 'धूसर दिसते' अशी तक्रार ऐकू आली, तर बहुतेक वेळा ती डोळ्यांप्रमाणे लावून घेतलेली नसते. चष्मा असेल तर आयकप, म्हणजे डोळ्याला टेकणारी रबरी कडा, पूर्ण आत, नसेल तर फिरवून बाहेर. दोन्ही नळ्या मिटत-उघडत एकच गोल दिसेपर्यंत आणा. मग उजवी पुढची काच हाताने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी लांबचा खांब स्पष्ट करा. आता डावी झाका, मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजव्या आयपीसची (डोळ्याजवळच्या काचेची) कडी फिरवून तोच खांब उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. त्या जागेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे गर्दीत कोणी फिरवली तरी परत लावता येते.

आता पाण्यावर. सकाळी पूर्वेचा काठ धरा, सूर्य पाठीशी राहतो. ३०० मीटरवर या दुर्बिणीत साधारण ३८ मीटर रुंदीचं पाणी एका वेळी मावतं, त्यामुळे थवा डावीकडून उजवीकडे सलग मोजता येतो. एवढ्या अंतरावर थापट्या बदकाचा रंग आणि तलवार बदकाची लांब शेपटी ओळखू येते. पट्टकादंब हंसाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे नीट पाहायचे तर ते २०० मीटरच्या आत असायला हवेत. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा या चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांमधला पायांच्या रंगाचा फरक, एकाचे काळे तर दुसऱ्याचे पिवळसर, ५० मीटरच्या पलीकडे ठरवू नये. त्यासाठी चिखलात पुढे सरकूही नका. पक्षी चरणं थांबवून माना ताठ करू लागले की तिथेच थांबायचं. एकदा उडालेला थवा पुन्हा त्याच जागी उतरेलच असं नाही, आणि लांबच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद उगाच खर्ची पडते.

दहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते, कडा वितळल्यासारख्या दिसतात. तो दोष दुर्बिणीचा नाही. महागड्या काचेनेही तो जात नाही, आणि जास्त पटीत तर वाढतोच. सातला काठावर पोचणं हाच इलाज.

कमतरता आहेतच. यात ईडी काच, म्हणजे कडेची रंगीत किनार कमी करणारी खास काच, नाही. उजळ आभाळावर घिरट्या घालणाऱ्या घारीच्या कडेला जांभळट रेघ दिसते. भुरकट माद्यांचा थवा अर्धा किलोमीटर आत असेल तर स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) आणि तिपाईच लागते, तिथे ही दुर्बीण पुरी पडत नाही. सोबतचा पट्टा मात्र बदलाच. तीन तास गळ्यात अडकवायची तर खांद्यांवर भार घेणारा हार्नेस हवा. जळगावच्या मेहरूण तलावावर पाणकावळे, वंचक, टिबुकल्या हे पाणपक्षी माणसांना सरावलेले असतात. तिथे अंतर कमी, म्हणून सरावाला ती जागा उत्तम. ही दुर्बीण ३ मीटरपर्यंत जवळचंही दाखवते, काठच्या झुडपातल्या चतुरापर्यंत.

नळीत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतून धुकं धरत नाही. थंडीत श्वासाने बाहेरून काच धुरकटते, ती पुसायची घाई करू नका, आपोआप निवळते. धूळ आधी ब्लोअरने, मग मऊ ब्रशने, शेवटी मायक्रोफायबरने काढा. शर्टाच्या टोकाने पुसलं की धुळीतले कण काचेवरच्या लेपावर ओरखडे पाडतात. पावसाळ्यात कातडी पिशवीत ठेवू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

दुकानात घेताना बाहेर येऊन लांबच्या विजेच्या तारेकडे पाहा. दोन तारा दिसत असतील किंवा दोन मिनिटांत डोळे ओढल्यासारखे वाटत असतील, तर नळ्या एका रेषेत नाहीत. तो नग परत करून दुसरा मागा.