चारशे सीसीची मोटरसायकल: काही महिने चालवल्यानंतर

गाडी घेतल्यापासून लोक दोनच गोष्टी विचारतात, अ‍ॅव्हरेज आणि पिकअप. दोन्ही उत्तम, विषय संपला. सिंगल सिलिंडर, सहा गिअर, स्लिपर क्लच (झटकन खालचा गिअर टाकला तरी मागचं चाक अडकू न देणारा), दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). गर्दीत इंजिनाची झळ पायाला लागते आणि मागे बसणारा अर्ध्या तासात चुळबुळ करू लागतो. ते चालवून घेता येतं. सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: ही गाडी वेग जाणवू देत नाही.

आधीची शंभर सीसीची गाडी साठच्या पुढे गेली की हँडल, आरसे, फूटरेस्ट सगळंच थरथरायला लागायचं. आपोआप मूठ सैल व्हायची. हिच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे थरथर कमी करणारा फिरता दांडा आहे, त्यामुळे नव्वदलाही आरशात मागची गाडी स्वच्छ दिसते. आता हिशोब बघा. साठला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, नव्वदला २५. समोर काहीतरी आलंय हे कळून ब्रेकवर बोटं पडेपर्यंत एखादा सेकंद जातोच. पुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर कस लावून ब्रेक मारला तर साठवरून थांबायला १८ मीटरच्या आसपास लागतात, नव्वदवरून ४०. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट. अंगाला मात्र दोन्ही वेग सारखेच वाटतात. म्हणून काट्यावर नजर टाकायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागली.

मग एवढं असून चालवायची कशाला? वळणांसाठी. डावीकडे जायचं तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची. गाडी डावीकडे झुकते आणि वळते. ऐकायला उलटं वाटतं, पण हँडल उलट्या दिशेला किंचित फिरल्याशिवाय दुचाकी झुकतच नाही. विमानवाल्या विल्बर राइटने सायकलस्वारांच्या बाबतीत हे फार पूर्वी हेरलं होतं. या गाडीवर ते इतकं सहज होतं की सलग वळणांचा रस्ता आला की डोक्यातली बाकी सगळी कटकट बंद पडते. दुसऱ्या कुठल्याही वाहनात मला हे मिळालेलं नाही. पण इथेही एक मेख आहे. जिकडे नजर, तिकडे गाडी. वळणावरच्या खड्ड्याकडे टक लावून बघाल तर खड्ड्यातच जाल. नजर वळणाच्या शेवटाकडे हवी.

एबीएसबद्दल बरेच गैरसमज ऐकतो. मोटरसायकलवर तो १९८८ पासून आहे, बीएमडब्ल्यूच्या के १०० वर पहिल्यांदा आला. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की लिव्हर बोटाखाली धडधडते आणि चाक लॉक होत नाही. एवढ्यासाठीसुद्धा जादा पैसे द्यायची माझी तयारी आहे. पण तो पकड निर्माण करत नाही. खडीवर थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. वळणात झुकलेल्या गाडीत ब्रेक सांभाळायला झुकाव मोजणारा सेन्सर लागतो, तो हिच्यात नाही. पावसात पांढरे पट्टे आणि मॅनहोलची झाकणं मी अजूनही गाडी सरळ ठेवूनच ओलांडतो.

स्वतः कितीही नीट चालवा, दुसऱ्याला तुम्ही दिसत नाही हा धोका उरतोच. लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे नऊशे अपघातांचा अभ्यास करून १९८१ मध्ये संशोधक हॅरी हर्ट यांचा अहवाल आला. दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी जवळपास दोन तृतीयांशांमध्ये त्या वाहनचालकाने मोटरसायकलची वाट अडवली होती. हेडलाइट दिवसाही चालू असतो, तरी समोरून आलेली गाडी आडवी वळायला लागली की मी तिच्या पुढच्या चाकाकडे बघतो. चालकाची नजर फसवते, चाक फिरलेलं लगेच कळतं.

हेल्मेटवर वाद घालणाऱ्यांशी मी बोलत नाही. न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स यांनी १९४१ मध्येच मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर लिहून हेल्मेटचं महत्त्व मांडलं होतं. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. फुल-फेसच घ्या आणि पट्टा आवळा. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो, त्यामुळे अपघातात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद.

घ्यावी का? लहान गाडीवर क्लच, ब्रेक आणि वळणं हातात बसली असतील तर जरूर. पहिलीच गाडी म्हणून नाही. आणि बजेट आखताना हेल्मेट, ग्लोव्हज, पॅडवालं जॅकेट आणि घोटा झाकणारे बूट गाडीच्याच किमतीत धरा. ते परवडत नसतील तर एक मॉडेल खालचं घ्या.