पेसमेकर असताना मानेचा एमआरआय करायचा की सीटी?
खानापूर, निपाणीकडनं मान दुखते, हात बधिर होतो म्हणून बेळगावला आलेली वयस्कर मंडळी पेसमेकर आहे म्हटल्यावर सीटी करूनच परत जातात, आणि सीटीत हाड, फ्रॅक्चर मस्त दिसतं, काम मिनिटांत होतं, पण नस किंवा मज्जारज्जू दबलाय का ते एमआरआयच नीट दाखवतो. आता बरेच पेसमेकर एमआरआय चालणारे असतात, फक्त पेसमेकरचं यंत्र आणि त्याच्या हृदयात गेलेल्या वायरी दोन्ही तशा पाहिजेत हं, जुनी तुटकी वायर आत राहिली असेल तर वेगळा विचार करावा लागतो. म्हणून पेसमेकरचं कार्ड सोबत न्याच, मॉडेल नंबर त्यावरच असतो. स्कॅनआधी पेसमेकरला एमआरआय मोड, म्हणजे स्कॅनपुरती वेगळी सेटिंग, लावतात, नंतर सेटिंग पूर्ववत केली का ते विचारल्याशिवाय तिथनं हलू नका. हातापायातली ताकद कमी होत असेल तर माझं मत एमआरआयच, कार्डिओलॉजिस्टना विचारून, आणि लगेच.