घोट्यावरच्या विजेच्या पट्ट्या: आठ महिन्यांनंतर

गुहागरहून चिपळूणला जाताना शृंगारतळीला उतरायचं आणि मागच्या एसटीने पुढं जायचं, असं मी दोन वर्षं केलं. रस्ता जेमतेम ४५ किलोमीटरचा, पण लघवीची घाई लागली की दम धरवत नसे. प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, हा आमच्या बायकांचा जुना उपाय मीही केला. तो चुकीचाच. लघवी घट्ट झाली की जळजळ वाढते आणि घाईही.

डॉक्टरांनी आधी लघवी आणि साखर तपासली. लघवी करून आल्यावर आत किती उरते, तेही सोनोग्राफीत पाहिलं. जंतुसंसर्ग नव्हता, मूत्राशय पुरतं भरायच्या आधीच आवळत होतं. गोळीने घाई कमी झाली, पण तोंडाला कोरड पडे आणि पोट साफ होईना. तेव्हा फिजिओथेरपीच्या ताईंनी घोट्याला विजेचे सौम्य झटके देण्याचा हा उपाय सांगितला.

घोट्याच्या आतल्या बाजूने एक नस जाते. ती कमरेखालच्या मणक्यांतल्या ज्या मुळांपासून निघते, त्यांतल्याच काही मुळांतून मूत्राशयाच्या नसाही निघतात. म्हणून पायाला दिलेल्या सौम्य झटक्यांनी मूत्राशय शांत होतं. दवाखान्यात हे बारीक सुई टोचूनही करतात, आठवड्यातून एकदा, १२ आठवडे. मला दर आठवड्याला चिपळूण गाठणं जमणारं नव्हतं, म्हणून टेन्स मशीन (कातडीवरून विजेचे सौम्य झटके देणारं छोटं यंत्र) आणि चिकट पट्ट्या घेतल्या.

पहिलं मशीन फुकट गेलं. त्यावर नुसते ‘मसाज’चे प्रकार होते, आकडा कुठेच नाही. इथे १० हर्ट्झ (सेकंदाला १० झटके) आणि २०० मायक्रोसेकंद (एका झटक्याची लांबी) लावता आलंच पाहिजे, ते पाहूनच मशीन घ्या. एक पट्टी घोट्याच्या आतल्या बाजूच्या हाडामागे, दुसरी त्याच्या वर सुमारे १० सेंटिमीटर. अंगठा हलला की जागा बरोबर. मग करंट जरा खाली आणायचा. दुखता कामा नये. आठवड्यातून ३ वेळा, अर्धा तास. मी पाय स्टुलावर ठेवून कडवे वाल निवडत बसते.

नोव्हेंबरात सुरुवात केली. पहिले पाच आठवडे काही म्हणजे काही फरक नाही. सोडून देणार होते, पण ताईंनी लघवीची वही ठेवायला लावली होती. सुरुवातीला दिवसाला १३ वेळा आणि रात्री ४ वेळा. सातव्या आठवड्यात रात्रीचे ३ झाले, जानेवारीअखेर दिवसाचे ९ आणि रात्रीचे २. वही नसती तर मला हे कळलंच नसतं, इतकं ते हळू झालं. संडासाच्या दारापर्यंत पोचता न येणं मात्र जवळजवळ थांबलं, आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात मोठं. चहाही चारावरून दोनावर आणला होता, त्याचाही वाटा असेल.

शिमग्याच्या धामधुमीत महिनाभर मशीन कपाटात राहिलं आणि रात्रीचे पुन्हा ३ झाले. आता आठवड्यातून एकदा तरी लावतेच.

एप्रिल-मेच्या घामात पट्ट्या चिकटत नाहीत. पाय साध्या पाण्याने धुऊन कोरडा करायचा, त्या दिवशी खोबरेल लावायचं नाही. पट्ट्या वापरून झाल्या की त्यांच्या प्लॅस्टिकवर परत लावून डब्यात ठेवा. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून बॅटरीवरचं मशीन बरं. मला दोनदा त्वचा लाल झाली. जागा किंचित सरकवून भागलं.

कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६च्या आढाव्यात अशा विजेच्या उपचारांच्या ६३ चाचण्या एकत्र तपासल्या आहेत. फायदा दिसतो, पण पुराव्याचा दर्जा कमी आहे, असं त्यात म्हटलंय. म्हणून माझ्या वहीतले आकडे तुमचेही होतील असं मी सांगणार नाही. पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर हे लावू नका. लघवीतून रक्त जात असेल तर मशीन नंतर, आधी डॉक्टर.

गेल्या आठवड्यात चिपळूणला गेले. शृंगारतळी आली, गाडी थांबली, मी बसून राहिले.